लोहगावला उतरलो, आता स्वारगेट कसे गाठायचे?

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आज नियमित प्रवासी विमान उतरत नाही. कराडला कोयना धरणाच्या काळातली धावपट्टी आहे, सांगलीशेजारच्या कवलापूरच्या विमानतळाचा विषय दर निवडणुकीत निघतो. पण तिकीट काढायची वेळ आली की आपल्याला पुण्याचे लोहगाव नाहीतर कोल्हापूरचे उजळाईवाडी गाठावे लागते. मुलगी बंगळूरला, मुलगा दिल्लीला, मधूनच काशीयात्रा. परतीचे विमान बहुतेकदा लोहगावलाच उतरते. हवेतले दोन तास सुखाचे जातात. खरी तारांबळ उडते ती पुढे, लोहगाव ते स्वारगेट या जेमतेम तेरा किलोमीटरांत.

हा टप्पा अ‍ॅपवरून बोलावलेल्या टॅक्सीने कसा पार करायचा, ते क्रमाने पाहू. फोनवर कधीही गाडी मागवली नसेल तरी हरकत नाही.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. ओला, उबर, रॅपिडो यांसारख्या कंपन्या प्रवासी आणि गाडीवाला यांची गाठ घालून देतात. अशा कंपनीला अ‍ॅग्रिगेटर म्हणतात, म्हणजे मधला जोडणारा. गाडी सहसा कंपनीची नसते. ती चालकाची असते किंवा त्याने भाड्याने घेतलेली असते, आणि गॅसचा खर्च, कर्जाचा हप्ता त्याच्याच माथी असतो. काही कंपन्या अ‍ॅपने दाखवलेल्या भाड्यातून आपला वाटा कापून घेतात, काही चालकाकडून ठरावीक शुल्क घेतात. फोनवर एक रक्कम दिसत असताना चालक दुसरीच का मागतो, याचे मूळ इथे आहे. त्याकडे आपण पुढे येऊच.

तयारी घरीच करावी, विमानाच्या आदल्या दिवशी. एकाऐवजी दोन अ‍ॅप फोनमध्ये घेऊन ठेवावीत, कारण एकावर गाडी मिळाली नाही तर दुसरे उतरवून घेण्याइतका धीर विमानतळाबाहेर उरत नाही. अ‍ॅपमध्ये आपला मोबाईल नंबर घालायचा, त्यावर आलेला संकेतांक टाकायचा, नाव लिहायचे. नाव खरे लिहावे. आपण कोण हे चालकाला त्यावरूनच कळते.

मग थोडा सराव. 'कुठून' या रकान्यात पुणे विमानतळ, 'कुठे' मध्ये स्वारगेट एसटी स्टँड घालून भाडे किती येते ते साताऱ्यात बसूनच पाहता येते. शेवटचे 'कन्फर्म' बटण मात्र दाबायचे नाही. भाडे वेळेनुसार बदलते, त्यामुळे दिसलेला आकडा उद्या तोच नसेल. पण साधारण अंदाज मनात असला की दारातल्या दलालाशी बोलताना उपयोगी पडतो.

आणखी एक निवड घरीच करून ठेवायची ती पैशांची. अ‍ॅपमध्ये 'कॅश' म्हणजे रोख, नाहीतर यूपीआय किंवा कार्ड असे पर्याय असतात. नवख्याने रोखच ठेवावे असे माझे मत. कार्ड जोडलेले असले की फेरी संपताच पैसे आपोआप कापले जातात, आपल्या ते ध्यानात नसते, आणि आपण उतरताना चालकाच्या हातावर पुन्हा नोटा ठेवतो. दोनदा गेलेले पैसे परत मिळवायला कंपनीशी लिखापढी करावी लागते.

आई-वडिलांसाठी मुले बंगळूरहून किंवा अमेरिकेतून गाडी बुक करतात, हे आता सर्रास चालते. त्यात एक अडचण येते. चालक ज्या नंबरवर फोन करतो तो मुलाचा असतो. इकडे वडील लोहगावला उन्हात उभे, तिकडे मुलगा मीटिंगमध्ये, आणि चालक वाट पाहून निघून जातो. म्हणून बुकिंग करतानाच 'दुसऱ्यासाठी' हा पर्याय निवडून प्रत्यक्ष प्रवास करणाऱ्याचा नंबर द्यावा. म्हणजे गाडीचा नंबर आणि फेरी सुरू करायचा संकेत त्यांच्या फोनवर येतो. मुलाने एवढे केले आणि वडिलांना आधी दोन शब्द समजावून सांगितले, तर पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

आता विमान उतरले. सगळे एकदम उभे राहून वरचे कप्पे उघडू लागतात, तेव्हा आपण बसल्या जागी फोनचा 'एअरप्लेन मोड' बंद करायचा. या सोयीमुळे विमानात फोनचे नेटवर्क तोडलेले असते. ती बंद केल्यावर नेटवर्क पकडायला एक-दोन मिनिटे लागतात. त्याच वेळी 'लोकेशन', म्हणजे आपण कुठे आहोत हे फोनला ओळखू देणारी सोय, चालू आहे ना ते पाहावे. बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली गेली असेल तर ऐन वेळी फोन दगा देणार हे समजून चालावे आणि घरच्यांचे दोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावेत.

गाडी मात्र अजून बुक करायची नाही. सर्वांत जास्त चुका इथे होतात. सामानाच्या पट्ट्यापाशी उभे असताना माणसाला वाटते, बॅग येईपर्यंत गाडी येऊन थांबेल, वेळ वाचेल. होते उलटे. गाडी चार मिनिटांत येते, आपली बॅग वीस मिनिटांनी. चालक आल्यापासून काही मिनिटेच फुकट थांबतो, नंतर थांबण्याचे पैसे चढू लागतात किंवा तो फेरी रद्द करून पुढचे भाडे घेतो, आणि रद्द केल्याचा भुर्दंड कधी कधी आपल्यालाच पडतो. म्हणून बॅग हातात, पाणी पिऊन झालेले, बरोबरची सगळी माणसे एका जागी, आणि आपण प्रत्यक्ष गाडी घेण्याच्या ठिकाणी उभे, एवढे झाल्यावरच फोन काढावा.

बाहेर पडताच 'टॅक्सी, टॅक्सी' सुरू होते. कुणी आपल्या ट्रॉलीला हात घालतो, कुणी फोनचा पडदा दाखवून म्हणतो, 'काका, अ‍ॅपचीच गाडी आहे, शंभर रुपये कमी द्या.' ही अ‍ॅपची गाडी नव्हे. तिची नोंद कुठेच होत नाही, रस्त्यात काही घडले तर आपण कुणाच्या गाडीत होतो हे दाखवायला पुरावा राहत नाही. भांडायचे कारण नाही. 'गाडी बुक आहे' एवढे म्हणून चालत राहावे. ज्यांना फोनची कटकट नकोच, त्यांनी टर्मिनलमधल्या अधिकृत टॅक्सी काउंटरवर आधी पैसे भरून पावती घ्यावी. थोडे महाग पडते, पण हिशेब तिथेच मिटतो.

आता लोहगावची खास गोष्ट. अ‍ॅपची टॅक्सी टर्मिनलच्या दारात येत नाही; आपल्यालाच तिच्याकडे जावे लागते. टर्मिनलसमोर 'एरोमॉल' नावाची बहुमजली वाहनतळाची इमारत आहे. ती २०२२ च्या अखेरीस सुरू झाली, आणि अ‍ॅपच्या टॅक्सी प्रवाशांना तिथूनच घेतात. दुकाने आणि खाण्याची ठिकाणेही तिथेच आहेत, त्यामुळे नवख्याला आपण चुकून बाजारात शिरलो की काय असे वाटते. शिरावे. वाट बरोबर आहे.

जुन्या आठवणीवर मात्र विसंबू नये. नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले आणि त्याच वर्षी जुलैपासून तिथून विमाने सुटू लागली. कोरोनाआधी आपण ज्या दारातून बाहेर पडून ज्या खांबापाशी गाडीत बसलो होतो, तो हिशेब आता लागू नाही. बाहेर पडल्यावर 'अ‍ॅप कॅब' किंवा 'एरोमॉल' अशी पाटी शोधायची. दिसली नाही तर गणवेशातल्या सुरक्षारक्षकाला विचारायचे, टॅक्सीवाल्याला नाही. गुडघे दुखत असतील किंवा बॅगा जड असतील तर या चालण्यासाठी वेगळा वेळ धरून ठेवावा. व्हीलचेअर घेतली असेल तर ढकलणाऱ्या मदतनिसाला आधीच सांगावे, 'एरोमॉलपर्यंत सोडा.' नाहीतर तो दाराबाहेर सोडून परत जातो आणि उरलेली वाट आपल्या वाट्याला येते.

एरोमॉलमध्ये पोचलो, सावलीत उभे राहिलो, की मग अ‍ॅप उघडायचे. पहिला रकाना 'पिकअप पॉइंट' चा, म्हणजे गाडीत बसण्याच्या जागेचा. फोन आपली जागा निळ्या ठिपक्याने दाखवतो. पण काँक्रीटच्या छताखाली उपग्रहाचा संदेश नीट पोचत नाही, त्यामुळे ठिपका कधी धावपट्टीवर, कधी विमाननगरच्या रस्त्यावर जाऊन बसतो. ठिपक्यावर विश्वास ठेवून बटण दाबले की गाडी तिकडे जाते आणि आपण इकडे. विमानतळ निवडल्यावर अ‍ॅप ठरलेल्या जागांची नावे दाखवते. त्यातले आपण उभे आहोत ते नाव, मजल्यासकट, वाचून निवडावे. मजला चुकला तर चालक वरच्या मजल्यावर 'मी आलोय' म्हणतो, आपण खालच्या मजल्यावर 'आम्हीपण आलोय' म्हणतो, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

दुसरा रकाना 'ड्रॉप', म्हणजे उतरायचे ठिकाण. नुसते 'स्वारगेट' लिहिले की एसटी स्टँड, पीएमपीची बसस्थानके, मेट्रो स्टेशन, पोलीस ठाणे अशी रांगच समोर येते. सगळी जवळजवळ असली तरी मधला जेधे चौक बॅगा घेऊन ओलांडणे ही शिक्षा आहे. 'स्वारगेट एसटी स्टँड' हेच निवडावे.

गावापर्यंत थेट गाडी करायची असेल तर नावाची आणखी काळजी घ्यावी लागते. पुण्यात उभे राहून 'कोरेगाव' टाइप केले की फोन आधी कोरेगाव पार्क आणि कोरेगाव भीमा दाखवतो. सातारा जिल्ह्यातले आपले कोरेगाव यादीत बरेच खाली असते. नागठाणे एक साताऱ्याजवळ महामार्गावर आहे आणि एक सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात, बालगंधर्वांचे. दोन्हींच्या भाड्यात केवढा फरक! गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात तालुका-जिल्हा लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग गाड्यांचे प्रकार दिसतात: छोटी, सेडान म्हणजे डिकीवाली, आणि सहा-सात जणांची मोठी. इथे आपण माणसे मोजतो आणि बॅगा विसरतो. पुण्यात टॅक्सीच्या बहुतेक गाड्या सीएनजीवर चालतात, आणि ती टाकी डिकीत आडवी बसवलेली असते. डिकी उघडली की पांढरा सिलिंडर समोर येतो, त्याच्यावर टाकलेली एखादी सतरंजी, बाजूला चालकाचा डबा आणि पुसायचे फडके. उरलेल्या फटीत एक मोठी बॅग उभी राहते, दुसरी चालकाच्या शेजारच्या सीटवर जाते, तिसरी आपल्या मांडीवर. दोघेच असून परदेशी जाणाऱ्या आकाराच्या तीन बॅगा असतील तर मोठी गाडीच करावी, किंवा बुकिंगनंतर चालकाला फोन करून 'वर कॅरिअर आहे का?' असे विचारावे. कॅरिअर असले तर बॅग बांधायला दोरी आहे ना, हेही. पावसाळ्यात प्लॅस्टिक.

भाड्याचा आकडा बटणाशेजारीच दिसतो. तो संध्याकाळी, पावसात किंवा चार विमाने एकदम उतरल्यावर वाढतो. याला 'सर्ज' म्हणतात, म्हणजे मागणी वाढली की भाव वाढणे. राज्य सरकारने मे २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अ‍ॅग्रिगेटर धोरणात या वाढीला मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली आहे. आकडा फारच चढलेला दिसला तर एक चहा घ्यावा. गर्दी पांगली की तो बऱ्याचदा खाली येतो.

बटण दाबले. फोन चालक शोधतो, सापडला की त्याचे नाव, फोटो, गाडीचा प्रकार आणि नंबर दाखवतो. लगेच फोन वाजतो. 'कुठं जायचंय? कॅश की ऑनलाइन?' उत्तर ऐकून काही चालक गप्प होतात आणि गाडी नकाशावर जागची हलत नाही. काही सांगतात, 'तुम्हीच कॅन्सल करा.' करू नये. रद्द कोण करतो यावर दंड कुणाचा हे ठरते. त्याच धोरणानुसार चालकाने विनाकारण फेरी रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यांतल्या कमी रकमेचा दंड त्याला बसतो. प्रवाशाने केली तर ५ टक्के किंवा ५० रुपये. 'तुम्हाला यायचं नसेल तर तुम्ही करा' असे शांतपणे सांगावे आणि फोन ठेवावा. फारच ताणले गेले तर दुसऱ्या अ‍ॅपवर गाडी पाहायची आणि पहिली फेरी रद्द करताना 'चालकाने रद्द करायला सांगितले' हे कारण निवडायचे. कारणांच्या यादीत ते असते.

गाडी आली की आधी पाटी पाहायची. टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. विजेवरची टॅक्सी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी, तिच्यात बसू नये. मग नंबर जुळवायचा. एमएच १२ पुण्याचा, एमएच १४ पिंपरी-चिंचवडचा, तेव्हा तेवढे पाहून भागत नाही. तिथल्या निम्म्या गाड्या त्याच नंबराच्या आणि बहुतेक सगळ्या पांढऱ्या. शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचावेत. मधूनच एखादी एमएच ११ किंवा एमएच १० दिसते आणि आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखे वाटते. आनंद वाटून घ्यावा, नंबर तरीही जुळवावा.

चालकाला आपले नाव सांगून गाडीत बसू नये. 'कुणाचं बुकिंग आहे?' असे त्यालाच विचारावे. आपले नाव त्याच्या फोनवर असते. त्याला सांगता आले तर गाडी आपलीच.

आता ओटीपी. हा चार आकड्यांचा, त्या फेरीपुरता चालणारा संकेत. तो आपल्या फोनवर दिसतो, आपण चालकाला सांगतो, तो आपल्या फोनमध्ये घालतो, आणि फेरी सुरू झाल्याची नोंद होते. ज्येष्ठ मंडळी इथे हटकून अडतात, आणि त्यांचे चुकत नाही. बँकेने वर्षानुवर्षे बजावलेले असते, ओटीपी कुणालाही सांगू नका. मग हा अनोळखी माणूस समोर उभा राहून ओटीपी मागतो! फरक असा: बँकेचा ओटीपी पैसे काढण्यासाठी असतो आणि एसएमएसने येतो, गाडीचा ओटीपी अ‍ॅपच्या त्या फेरीच्या पानावर गाडीच्या नंबराशेजारी दिसतो. अ‍ॅपच्या पानावरचा, किंवा गाडी दुसऱ्याने बुक केली असेल तर गाडीच्या नंबराबरोबर आलेला, सांगावा, तोही गाडीपाशी उभे असताना. फोनवर कुणी 'आलेला मेसेज वाचून दाखवा' म्हटले तर अजिबात दाखवू नये, मग तो स्वतःला चालक म्हणवत असो की कंपनीचा माणूस.

ओटीपी देण्याआधी भाड्याचे बोलून घ्यावे. पुण्यात हे सध्या गरजेचे झाले आहे. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने, म्हणजे रिक्षा-टॅक्सीचे दर ठरवणाऱ्या सरकारी समितीने, पुण्यातल्या वातानुकूलित टॅक्सीसाठी जानेवारी २०२४ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरवला. अ‍ॅप दाखवतात ते भाडे अनेकदा याहून कमी असते. कंपन्या हा दर देत नाहीत म्हणून मे २०२५ पासून पुण्यातल्या अनेक चालकांनी अ‍ॅपवरचा आकडा बाजूला ठेवून सरकारी दराने पैसे घ्यायला सुरुवात केली. 'ओन्ली मीटर' हे शब्द कानावर पडतात ते यातूनच. चालक स्वतःच्या फोनवर वेगळे पान उघडून किलोमीटरप्रमाणे हिशेब दाखवतो.

हिशेब आपल्यालाही करता येतो. तेरा किलोमीटर धरले तर पहिल्या दीडचे ३७, उरलेल्या साडेअकराचे दोनशे साडेसत्त्याऐंशी, एकूण सव्वातीनशेच्या आसपास. दर सुधारला असेल तर नवा आकडा घालायचा, रीत तीच. चालकाने याच्या जवळपास मागितले तर तो लुबाडत नाही, सरकारी दर मागतो आहे, एवढे समजावे. सहाशे मागितले तर मात्र लुबाडतो आहे. मला विचाराल तर चालकांच्या मागणीत तथ्य आहे, पण ती गाडीत बसल्यावर भर रस्त्यात सांगणे बरोबर नाही. म्हणून डिकी उघडण्याआधी आपणच विचारावे, 'अ‍ॅपवर एवढे दाखवतंय, आपण किती घेणार?' उत्तर पटले तर ओटीपी द्यावा, नाही पटले तर बॅग अजून आपल्याच हातात आहे.

गाडी सुटली की 'शेअर ट्रिप' दाबून घरच्यांना फेरीचा दुवा पाठवावा. गाडी कुठे पोचली हे त्यांना साताऱ्यात बसून नकाशावर दिसते. रात्री एकटी बाई प्रवास करत असेल तर हे टाळूच नये. अडचणीत ११२ हा आपत्कालीन नंबर, आणि अ‍ॅपमध्येही लाल रंगाचे मदतीचे बटण असते. चालकाने वाट बदलली तर घाबरण्याआधी विचारावे. नगर रस्ता तुंबला की येरवडा टाळून वळसा घेणे पुण्यात रोजचे आहे.

स्वारगेटला चालक चौकाच्या अलीकडे 'इथंच उतरता का, आत लय ट्रॅफिक आहे' म्हणतो. हातात एक पिशवी असेल तर उतरावे. सामान असेल तर आत घ्यायला सांगावे, उतरायचे ठिकाण आपण स्टँडच निवडले होते. पैसे देताना यूपीआय वापरले तर फोनवर आलेले नाव वाचून, रक्कम चालकाला दाखवून मगच पिन टाकावा. फेरी संपल्याचे त्याने फोनवर दाबले की आपल्याकडे पावती येते. त्याशिवाय जाऊ नये, नाहीतर पुढचे किलोमीटर आपल्या नावावर मोजले जातात. साताऱ्याची विनाथांबा गाडी असेल तर तिकीट खिडकीवर आधी काढायचे असते, आत वाहक नसतो, हे साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. सांगलीकडच्या पाहुण्याला सांगावे.

एकटे असाल, सामान हलके असेल, तर मेट्रोचाही विचार करावा. विमानतळावरून रिक्षाने चार-पाच किलोमीटरवरचे रामवाडी स्टेशन गाठायचे, वनाझकडे जाणारी मेट्रो घ्यायची, जिल्हा न्यायालय स्टेशनात उतरून स्वारगेटची गाडी पकडायची. हा मार्ग स्वारगेटपर्यंत सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला. बदलाचे स्टेशन मात्र खोल आहे; वरच्या फलाटावरून जमिनीखाली ३३ मीटरपर्यंत सरकत्या जिन्यांनी उतरावे लागते. लिफ्ट आहे, शोधावी लागते.

चौघे असाल तर थेट घरापर्यंत गाडी परवडते. अ‍ॅपमध्ये 'आउटस्टेशन', म्हणजे शहराबाहेरची फेरी, असा वेगळा भाग असतो. त्यात 'वन वे' म्हणजे फक्त जाण्याचे आणि 'राउंड ट्रिप' म्हणजे जाऊन-येऊन असे दोन दर दिसतात. चुकून दुसरे दाबले की भाडे दुप्पट दिसते आणि माणूस हबकतो. खेड शिवापूर, आनेवाडी, पुढे तासवडे, हे टोलनाके भाड्यात धरले आहेत की वेगळे द्यायचे, हे बुकिंगच्या पानावर लिहिलेले असते. सांगलीला जाताना पेठ नाक्यावरून इस्लामपूर-आष्टा मार्गे वळायचे हे चालकाला निघतानाच सांगून ठेवावे, म्हणजे कराडनंतर तो नकाशाच्या भरवशावर राहत नाही. सांगलीकडून परतीचे भाडे मिळत नाही म्हणून चालक वर पैसे मागतात. हाही विषय ओटीपीच्या आधीचा. मध्यरात्री उतरणाऱ्यांनी गावातल्या ओळखीच्या गाडीवाल्यालाच बोलवावे. जाऊन-येऊन पैसे पडतात, पण दाराशी आपला माणूस उभा असतो.

उजळाईवाडीला उतरणाऱ्या सांगलीकरांनी तर हेच करावे. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, रस्ता ओळखीचा, आणि पुण्याइतक्या सहजी तिथे अ‍ॅपची गाडी मिळेल असे धरून चालू नये.

गाडीत काही विसरले तर अ‍ॅपमध्ये 'मागच्या फेऱ्या' उघडून त्या फेरीवर 'वस्तू विसरली' हा पर्याय निवडायचा. त्यावरून चालकाला फोन लावता येतो. फोनच गाडीत राहिला असेल तर शेजारच्याच्या फोनवरून आधी आपल्या नंबरवर रिंग द्यावी, चालकाने उचलला तर काम झाले. नाहीच उचलला तर दुसऱ्या फोनवर आपल्या खात्यात शिरायला ओटीपी लागतो, आणि तो येणार त्याच हरवलेल्या फोनवर. म्हणून गाडी सुटल्यावर ज्याला फेरीचा दुवा पाठवला होता त्याला फोन करावा: गाडीचा नंबर आणि चालकाचे नाव त्याच्याकडे आहे.